स्टुडिओचे कार्ड, रात्रीचा गेम

घरच्या घरी गाणी, पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक रेकॉर्ड करणाऱ्यांच्या टेबलावर आता एक छोटी धातूची डबी हमखास दिसते. फोकसराइटचे स्कारलेट, मोटूचे एम-टू, ऑडिएंटचे आयडी-फोर, स्टाइनबर्गचे यूआर-बावीस, बेहरिंगरचे यूएमसी अशी तिची नावे. दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतो, घरात सगळे साउंड कार्ड म्हणतात. दिवसा या डबीतून गळा किंवा गिटार कॉम्प्युटरमध्ये उतरते आणि रात्री त्याच कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक टू सुरू होतो. मग प्रश्न पडतो की गेमसाठी हेडफोन या कार्डाला लावायचा की मदरबोर्डच्या हिरव्या भोकात?

माझे उत्तर स्पष्ट आहे: कार्ड घरात असेल तर त्यालाच लावा. मात्र ते लावण्याची जी कारणे सांगितली जातात त्यांतली बरीच चुकीची आहेत. शिवाय विंडोजमधल्या काही गोष्टी नीट केल्या नाहीत, तर हेच महागडे कार्ड मदरबोर्डपेक्षा वाईट वागते. म्हणून आधी गैरसमज दूर करू आणि मग जोडणीकडे वळू.

पहिला गैरसमज वेगाचा. रेकॉर्डिंगच्या कार्डांची जाहिरात नेहमी 'अगदी कमी लेटन्सी' अशी असते आणि ती खोटी नसते. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला तर ताल सुटतो, म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये 'असिओ' ही ड्रायव्हरची पद्धत आणली. क्यूबेस, रीपर यांसारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर विंडोजचे मधले टप्पे टाळून थेट कार्डाशी बोलतात, ती या असिओतून. गेम मात्र असिओ वापरत नाहीत. ते विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जातात. सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज विंडोजच्या ध्वनी इंजिनात एकत्र मिसळतात आणि सर्वसाधारणपणे १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी कार्डाकडे जातात. त्यामुळे असिओचा बफर ६४ सॅम्पलवर नेला म्हणून शत्रूच्या पावलांचा आवाज आधी ऐकू येईल, असे होत नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र बदलायलाच सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात, हे लक्षात घेतले तर इथले दोन-तीन मिलिसेकंद किती किरकोळ आहेत ते कळते. खरा उशीर होतो तो ब्लूटूथ हेडफोनने. तिथे शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज जातात. ब्लूटूथ सोडून वायरवर या. कोणत्याही कार्डाने होणार नाही एवढा फरक त्याने पडेल.

दुसरा गैरसमज 'गेमिंग कार्ड' या शब्दाभोवतीचा, आणि तो जुन्या काळातून आला आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑरियल कंपनीचे ए-थ्री-डी आणि क्रिएटिव्हचे ईएएक्स ही तंत्रे होती. गुहेतला घुमणारा आवाज, भिंतीमागचा दबलेला आवाज यांचे गणित कार्डावरची चिप करत असे. तेव्हा गेमसाठी वेगळे कार्ड घेण्यात अर्थ होता. विंडोज व्हिस्टाने २००७ च्या सुमारास ध्वनीची रचनाच बदलली, गेमचा आवाज कार्डाच्या चिपकडे सोपवण्याची जुनी वाट बंद झाली आणि हे सगळे गणित प्रोसेसरवर आले. आज गेम स्वतःच ठरवतो की आवाज कुठून, किती दुरून आणि कशाला आपटून येतो. कार्डाकडे येतात ते तयार झालेले आकडे. ते स्वच्छपणे विजेच्या लहरीत बदलून हेडफोनपर्यंत पोहोचवणे एवढेच कार्डाचे काम उरते, आणि रेकॉर्डिंगचे कार्ड नेमक्या याच कामासाठी बनवलेले असते.

दिशा आणि सात चॅनेलचा मोह

पण गेमिंग हेडसेटच्या खोक्यावर ७.१ लिहिलेले असते आणि माझ्या कार्डाला तर दोनच चॅनेल आहेत, अशी शंका पुष्कळांना येते. हेडफोन वापरत असाल तर ती सोडून द्या. आपल्याला कान दोनच आहेत. उजवीकडून येणारा आवाज डाव्या कानाला अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने उशिरा पोहोचतो आणि डोके मध्ये आल्याने त्यातला तीक्ष्णपणा कमी होतो. वरून किंवा मागून आलेला आवाज कानाच्या पाळीच्या वळणांमुळे किंचित बदलतो. मेंदू एवढ्यावरून दिशा ओळखतो. हेच बदल गणिताने घडवण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ती २०१६ मध्ये आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ मध्ये. तिचा निकाल दोन चॅनेलमध्येच येतो आणि कोणतेही साधे स्टीरिओ कार्ड तो जसाच्या तसा वाजवते.

यातून एक पक्का नियम निघतो: दिशेचे गणित एकदाच व्हावे. गेममध्ये एचआरटीएफ चालू असेल तर विंडोजचे 'स्पेशिअल साउंड' बंद ठेवा. दोन्ही चालू राहिले तर आधीच वळवलेला आवाज पुन्हा वळवला जातो, सगळे पोकळ ऐकू येते आणि पुढे-मागे कळेनासे होते. ज्या गेममध्ये स्वतःची अशी सोय नाही पण ५.१ किंवा ७.१ चा आवाज आहे, तिथे विंडोज सॉनिक चालू करून पाहा. ते विंडोज १० मध्ये २०१७ पासून फुकट मिळते आणि तुमच्या रेकॉर्डिंग कार्डावरही चालते.

खोलीत खरेच पाच-सहा स्पीकर मांडून गेम खेळायचा असेल, तर त्यासाठी हे कार्ड योग्य नाही. ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय केबल रिसीव्हरला द्यावी.

विंडोजमधली जोडणी

सर्वात आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून कार्डाचा ड्रायव्हर घ्या. नुसती केबल खोचल्यावरही आवाज येतो हे खरे, पण बफर बदलण्याची सोय कंपनीच्या ड्रायव्हरबरोबरच येते. केबल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा. हब नको, आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरही फार विश्वास ठेवू नका. ही कार्डे बहुधा यूएसबीतूनच वीज घेतात. एकाच हबवर कीबोर्डचे दिवे, वेबकॅम आणि कार्ड असले की आवाज मध्येच तुटतो.

आता कंट्रोल पॅनेलमधली जुनी 'साउंड' खिडकी उघडा. नव्या सेटिंग्जपेक्षा तिथे जास्त गोष्टी हाताला लागतात. प्लेबॅकमध्ये तुमचे कार्ड डिफॉल्ट करा आणि मॉनिटरचे एचडीएमआय, मदरबोर्डचे रिअलटेक अशी जी वापरायची नाहीत ती डिसेबल करा. अनेक गेम सुरू होताना जे डिफॉल्ट असेल ते पकडतात आणि मध्ये बदलले तर ऐकत नाहीत. म्हणून कार्ड चालू करून मगच गेम उघडावा.

त्याच जागी कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा. गेमचा आवाज प्रामुख्याने ४८ किलोहर्ट्झवरच तयार होतो. ९६ किंवा १९२ निवडल्याने त्यात नवा तपशील येत नाही, प्रोसेसरला रूपांतराचे काम तेवढे वाढते. गाण्याचे रेकॉर्डिंग तुम्ही ४४.१ वर करत असाल तर एक सवय लावून घ्या. कार्डाला एका वेळी एकच सॅम्पल रेट असतो. रीपरने तो ४४.१ केला आणि विंडोज ४८ धरून बसले, तर गेम मुका होतो किंवा आवाज फाटतो. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून मगच गेम चालू करावा. ते उघडे ठेवणे भागच असेल तर पार्श्वभूमीला गेल्यावर ड्रायव्हर सोडून देण्याचा पर्याय रीपर आणि क्यूबेस दोन्हींमध्ये आहे, तो लावून ठेवा.

याच 'साउंड' खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा एक कोपरा आहे आणि तो फार कमी लोक पाहतात. फोनसारखे संभाषण सुरू झाले की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, असे विंडोजने आपणहून ठरवून ठेवलेले असते. मित्रांशी बोलायला सुरुवात केली की गेमचा आवाज बसतो आणि दोष बिचाऱ्या नव्या कार्डाला दिला जातो. तिथे 'डू नथिंग' निवडा. डिस्कॉर्डमध्येही आवाज दाबण्याची अशीच एक स्वतंत्र सोय आहे, तीही शून्यावर आणा.

तुमचे कार्ड मोठे असेल, म्हणजे आठ-दहा आउटपुटचे, तर आणखी एक खोच असते. विंडोजने ते बहुचॅनेल धरले तर गेमला वाटते की समोर ५.१ किंवा ७.१ चे स्पीकर आहेत. मग पात्रांचे संवाद मधल्या चॅनेलला जातात, तुम्ही मात्र ऐकत असता पहिले दोनच. स्फोट, संगीत, पाऊस सगळे येते आणि माणसे नुसते ओठ हलवतात. 'साउंड' खिडकीत कार्ड निवडून 'कॉन्फिगर' दाबा, स्टीरिओ निवडा आणि गेमच्या सेटिंगमध्येही हेडफोन किंवा स्टीरिओ निवडा. संवाद लगेच परत येतात.

बहुतेक छोट्या कार्डांवर आवाज कमीजास्त करण्याची खरी जागा म्हणजे कार्डावरचे गोल बटण. विंडोजची पट्टी पूर्ण वर ठेवावी आणि हाताने बटण फिरवावे. या कार्डांचा हेडफोन अ‍ॅम्प मदरबोर्डपेक्षा अनेकदा जोरदार असतो, म्हणून नवा गेम उघडताना बटण खाली घेऊनच सुरुवात करा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे आणि आवाज वाढत जाईल तशी ती वेळ झपाट्याने कमी होते. रोज चार-पाच तास खेळणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यावे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि तुम्ही गाणारे-वाजवणारे असाल तर ती तुमची शिदोरी आहे.

हेडफोनच्या पिनेबद्दल थोडक्यात. कार्डाला बहुधा जाड, पाव इंची पिन लागते. तिचे अडॅप्टर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते. गेमिंग हेडसेटची एकच पिन असेल, जिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, तर अडॅप्टर लावून त्यातून ऐकू येईल पण तिचा माइक चालणार नाही. त्या छोट्या माइकला दोन-पाच व्होल्टची वेगळ्या प्रकारची वीज लागते आणि रेकॉर्डिंग कार्डाच्या माइकच्या भोकात ती नसते. यूएसबी हेडसेटच्या आत तर स्वतःचेच साउंड कार्ड असते, त्यामुळे तो वापरला की तुमचे चांगले कार्ड नुसते टेबलावर पडून राहते. स्टुडिओतला साधा हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एम-फिफ्टी-एक्स ३८ ओहमचा आहे, छोट्या कार्डावर मजेत वाजतो. बायरडायनॅमिकचा डीटी-७७० प्रो घेणार असाल तर २५० ओहमऐवजी ८० ओहमचा घ्या. यूएसबीच्या विजेवर चालणारी छोटी कार्डे २५० ओहमला कधीकधी पुरी पडत नाहीत.

माइक: खरा फायदा इथेच

गेमच्या आवाजात मदरबोर्ड आणि रेकॉर्डिंग कार्ड यांतला फरक पुष्कळांना ऐकूही येणार नाही, कारण आजच्या मदरबोर्डवरच्या चिपाही वाईट नाहीत. पण तुमच्या संघातल्या पाचव्या माणसाला तुमचा आवाज कसा ऐकू येतो, यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. गेममध्ये 'दोघे बी साइटला' एवढेच वाक्य एका दमात कळले पाहिजे. ते खरखरीत बुडाले तर फेरी गेली.

आपल्या घरांत डोक्यावर पंखा फिरत असतो, खिडकी उघडी असते, रस्त्यावर रिक्षा असते. अशा खोलीत कंडेन्सर माइक सगळेच टिपतो. शूअर एसएम-५८ सारखा डायनॅमिक माइक घ्या, तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरा. डायनॅमिक माइकला ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरची गरज नसते, ती बंद ठेवा. कंडेन्सर असेल तर ती लागेलच. तेव्हा आधी माइक जोडा, मग ४८ व्होल्ट चालू करा, आणि त्या वेळी हेडफोनचे बटण शून्यावर ठेवा. गेन लावताना शांतपणे 'एक दोन तीन' म्हणून पाहू नका. खेळताना जसे ओरडता तसे ओरडून पाहा, आणि सर्वात मोठ्या आवाजाला आकडा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. कार्डावरचा दिवा लाल होता कामा नये. दुसऱ्या इनपुटचा गेन शून्य असू द्या, नाहीतर तिथली फुसफूसही सोबत जाते.

डिस्कॉर्डमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करा, कारण ते काम तुम्ही आता हाताने केले आहे. हेडफोन घातलेला असतो म्हणून इको काढण्याची सोयही नको. गोंगाट काढणारी क्रिस्प ही सोय मात्र खोली गजबजलेली असेल तर राहू द्या. तिने आवाज थोडा चपटा होतो, पण पंखा जातो.

लाइव्ह प्रसारण करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते: ओबीएसमध्ये आपला आवाज फक्त डाव्या कानात ऐकू येतो. कारण साधे आहे. कार्ड पहिल्या इनपुटला डावा आणि दुसऱ्याला उजवा चॅनेल समजते आणि तुमचा माइक पहिल्यात आहे. ओबीएसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये माइकसमोर 'मोनो'वर खूण करा. गेम, मित्र आणि गाणी यांचे आवाज वेगवेगळे हाताळायचे असतील तर व्हॉइसमीटर नावाचे सॉफ्टवेअर उपयोगी आहे, पण ते शिकायला एक संध्याकाळ द्यावी लागते. नुसते खेळायचे असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मध्ये जितके टप्पे, तितका उशीर.

आणि डायरेक्ट मॉनिटर. या एका बटणासाठी मी हे कार्ड गेमिंगला लावायला सांगेन. ते चालू केले की माइकमधला तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट तुमच्या हेडफोनमध्ये येतो, कसलाही उशीर न होता. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घातला की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो नकळत मोठ्याने बोलतो. रात्री साडेअकराला शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले असताना हे फार महत्त्वाचे आहे. स्वतःचा आवाज कानात आला की तो आपोआप खाली येतो. तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट टू-आय-टू कार्डावर यासाठी मोनो आणि स्टीरिओ असे दोन पर्याय आहेत. मोनो निवडा म्हणजे दोन्ही कानांत ऐकू येईल. समोरच्यांना जाणाऱ्या आवाजावर या बटणाचा काहीही परिणाम होत नाही.

गुणगुण आणि कडकड

गेम सुरू झाला की स्पीकरमध्ये बारीक शीळ येते, माउस हलवला की ती बदलते. ही ग्राफिक्स कार्डाची वीज जमिनीच्या तारेतून आवाजात शिरल्याची खूण. कार्डापासून स्टुडिओ स्पीकरपर्यंत टीआरएस पिनांच्या बॅलन्स्ड केबल वापरा, ती बहुतेक वेळा तिथेच थांबते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. गुणगुण गेली तर दोष चार्जरच्या बाजूला आहे. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते अनेकदा नावापुरतेच असते. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, अजिबात ऐकू नका.

नुसता गेमच खेळणार असाल आणि रेकॉर्डिंगशी संबंध नसेल, तर असे कार्ड मुद्दाम विकत घ्यावे असे मला वाटत नाही. तेच पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. पण गाणे, पॉडकास्ट, ऑनलाइन शिकवणी यांपैकी काहीही करत असाल, तर दोन्ही कामांना एकच कार्ड पुरते, आणि ते घेताना लूपबॅकची सोय आहे का ते विचारा. प्रसारणात गेमचा आवाज आणि माइक एकत्र करायला ती कामी येते.

राहिली ती गेम रंगात आल्यावर मध्येच येणारी कडकड. आधी ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये बफर २५६ सॅम्पल करा; ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. काही कार्डांत हा आकडा विंडोजच्या आवाजालाही लागू होतो. फरक पडला नाही तर ५१२. मग पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि कार्ड दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. तरीही कडकड असेल तर लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून थोडा वेळ खेळा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते त्यात दिसते. पुष्कळदा तो साउंड कार्डाचा नसतोच, वायफायचा किंवा ग्राफिक्सचा असतो. वायफाय बंद करून, लॅन केबल लावून एक फेरी खेळा. कडकड थांबली तर वायफायचा ड्रायव्हर नवा घाला आणि बफर पुन्हा २५६ वर आणा.